दारावर येणाऱ्या विक्रेत्यांपासून आईबाबांना कसे जपावे?

शुभदा_पु

माझे बाबा ७८ वर्षांचे असून ते आणि आई नाशिकला राहतात. मी नोकरीनिमित्त बंगळूरला असते. गेल्या महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास, आई झोपलेली असताना, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले दोन तरुण "पाण्याची मोफत तपासणी आहे, काका, घ्यायचे काहीच नाही" असे म्हणत आत आले. त्यांनी नळाच्या पाण्याच्या पेल्यात सळ्या असलेले एक उपकरण बुडवले आणि मिनिटभरात पाणी गंजासारखे तपकिरी झाले. शेजारच्या पेल्यातले, त्यांनी बरोबर आणलेले पाणी मात्र जवळजवळ होते तसेच राहिले. "हे तुम्ही रोज पिता" म्हटल्यावर बाबा घाबरले. पुढचा पाऊण तास ते दोघे उठलेच नाहीत, आणि 'आजच्यापुरती सवलत' म्हणून बाबांनी आरओ, म्हणजे पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रासाठी, १६,५०० रुपयांचा धनादेश लिहून दिला. यंत्र बसले आहे, चालतेही आहे. पण छापील बिल नाही, नुसती हाताने लिहिलेली पावती आहे.

पैशांपेक्षा मला हे लागले की बाबांनी ही गोष्ट तीन आठवडे लपवली. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांची कर्जप्रकरणे तपासलेला हा माणूस. त्यांचे व्यवहार माझ्या हाती घ्यावेत असे मला वाटत नाही, पण हे पुन्हा घडू नये यासाठी काय करावे?

जुना_मास्तर

मी रसायनशास्त्र शिकवत असे, म्हणून त्या पेल्याविषयी आधी सांगतो. त्या उपकरणातल्या सळ्यांपैकी निदान एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार विरघळलेले असले की त्यातून वीज वाहते, सळीचे लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याचाच तपकिरी साका दिसतो. म्हणजे तो मळ नळाचा नसून सळीचा आहे. आरओच्या पाण्यातले बहुतेक क्षार काढून टाकलेले असल्यामुळे त्यातून वीज फारशी वाहत नाही, एवढेच त्याच्या 'शुद्धते'चे रहस्य. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, आणि धरणाचे पाणी सहसा तिच्या बरेच खाली असते. पाण्यात जंतू आहेत की नाहीत, हे तर या खेळातून मुळीच कळत नाही.

वडिलांना तोंडी समजावू नका, करून दाखवा. आरओच्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकून नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडलेले दोन लोखंडी खिळे त्यात बुडवावेत. थोड्या वेळाने तेही पाणी गढूळ होईल. घरातल्या प्लगची वीज मात्र यासाठी चुकूनही वापरू नये.

ग्राहकपंथी

कंपनीला आधी लेखी पत्र पाठवून बिल मागावे आणि तपासणीच्या नावाखाली काय दाखवले व काय सांगितले ते तारखेसह लिहावे. वस्तूबाबत दिशाभूल करणारी माहिती देणे आणि बिल न देणे, या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. त्यापुढे, वडील राहतात त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही.

अनेक जण अशा वेळी डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांचा हवाला देतात. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये असे त्यांत आहे खरे, परंतु ते कंपनीशी करार करून स्वतंत्रपणे माल विकणाऱ्यांसाठी आहेत. पगारी नोकर त्यांत बसत नाही. तेव्हा ते दोघे नेमके कोण होते, हेही पत्रातच विचारावे. पुढेमागे कोणी दारात विमा गळ्यात मारलाच, तर पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, हे घरात सर्वांना ठाऊक असू द्यावे.

नाना_७४

मी स्वतः ज्येष्ठ नागरिक आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. "बाबा, तुम्ही कसे फसलात?" हा प्रश्न एकदा जरी विचारला गेला, तरी पुढच्या वेळी माणूस तीन आठवडे नव्हे, तीन वर्षे गप्प बसतो. आमच्या पिढीला दारात आलेल्याला पाणी विचारायची सवय आहे आणि हे लोक नेमकी तीच सवय वापरतात. "मुलीला विचारून सांगतो" असे म्हणायला सांगू नका. ते मला तरी अपमानास्पद वाटते, शिवाय त्यावर "मग लगेच फोन लावा ना" हे उत्तर त्यांच्याकडे तयार असते. मी जाळीच्या दाराची कडी न काढता "आम्ही दारावर काही घेत नाही" एवढेच म्हणतो, आणि कारण सांगत नाही, कारण सांगितले की वाद सुरू होतो.

गॅसची नळी तपासायला कोणी आल्यास त्याला बाहेरच थांबवून आपल्या एजन्सीला, आपल्याकडच्या पुस्तकातल्या क्रमांकावर, फोन करावा. दागिने उजळून देणाऱ्याला तर उंबरठाही ओलांडू देऊ नये. आधी चांदीचे निरांजन फुकट चकचकीत करून विश्वास मिळवायचा आणि मग बांगड्या हळदीच्या पाण्यात घालून "कुकर गार झाला की उघडा" म्हणून निघून जायचे, हा प्रकार आमच्याच इमारतीत घडला आहे.

शुभदा_पु

सर्वांची आभारी आहे. नानांचे वाचून मी कायद्याचा विषय बाजूला ठेवला आणि रविवारी घरी जाऊन आधी खिळे शोधले. दहा मिनिटांत पेला गढूळ झाला. बाबा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी चष्मा लावून कंपनीला द्यायचे पत्र स्वतःच्या हाताने लिहिले, आणि मी घातलेली दोन वाक्ये 'अनावश्यक' म्हणून खोडली. तो पेला त्यांनी ओतू दिलेला नाही. मंगळवारी ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत न्यायचा आहे म्हणतात.