मदत हवी आहे : मुलीला एचएफआय (आनुवंशिक फ्रुक्टोज असहिष्णुता) – रोजचा स्वयंपाक, औषधं, पुढचं बाळ

मृण्मयी_न

मुलगी पावणेदोन वर्षांची, वजन १० किलो. जनुक तपासणीत एएलडीओबी या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष आला, निदान पक्कं आहे. साखर, गूळ, मध, फळं पूर्ण बंद केली. आहारतज्ज्ञांची वेळ अजून तीन आठवड्यांनी आहे. तोवर इथे अडलंय :

१. आमटी-भाजीत नक्की काय चालतं? कांदा-टोमॅटो नसेल तर रस्सा कसा करायचा?
२. डाळ, गहू, शेंगदाणे?
३. ताप किंवा जुलाब झाले तर कुठलं औषध?
४. दुसऱ्या बाळाचा विचार आहे. आधी काय तपासावं?

सासूबाईंचं म्हणणं, एवढ्याशा गुळाने काय होतंय. त्यांना पटेल असं उत्तर मिळालं तर फार बरं.

आहार_विहार

मृण्मयीताई, सासूबाईंना आकडाच सांगा. हिशेबाचं सूत्र असं : पदार्थातलं फ्रुक्टोज + साखरेच्या (सुक्रोजच्या) निम्मं + सॉर्बिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड घटक). साखरेचा प्रत्येक कण अर्धा ग्लुकोज, अर्धा फ्रुक्टोज. सॉर्बिटॉलचं यकृतात फ्रुक्टोजच होतं.

आता आमटी. चार वाट्यांच्या आमटीत एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅम गूळ. त्यातून दोन ग्रॅमहून जास्त फ्रुक्टोज आलं, वाटीमागे अर्धा ग्रॅम, ५०० मिलिग्रॅम. या आजारात मुलांची वाढ नीट राहावी म्हणून रोजचं फ्रुक्टोज किलोमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली ठेवावं असं मानतात. ही वरची हद्द आहे, बरेच डॉक्टर याहून कडक असतात. १० किलोच्या मुलीला ही हद्द ४०० मिलिग्रॅम पडते. म्हणजे त्या एका वाटीत दिवसाचा कोटा संपून वर शंभर मिलिग्रॅम जास्त झाले, आणि आमटी गोडही लागत नाही! पोह्यांवरची चिमूट, कढीतली साखर, कोशिंबिरीतली साखर, सगळ्यांचं असंच. मराठी स्वयंपाकात "चव यायला" घातलेलं गोड हेच या घरांत सर्वांत जास्त घात करतं. पेढा कोणी चुकून देत नाही, आमटी देतात.

सोपा मार्ग : फोडणी आणि शिजवणं सगळ्यांचं एकत्र, मुलीची वाटी आधी बाजूला काढायची, मग बाकीच्यात गूळ-चिंच-खोबरं. डाव दोन ठेवा. गुळाच्या आमटीतला डाव मुलीच्या पातेल्यात गेला की सगळं मुसळ केरात.

भाज्या. १०० ग्रॅम कच्च्या भाजीत मिळणारं एकूण फ्रुक्टोज साधारण असं : पालक ०.२ ग्रॅम, टोमॅटो १.४, कांदा १.८, गाजर दोनच्या पुढे. कोबी-फ्लॉवर फिके लागतात, पण त्यांतही एक ते दीड ग्रॅम असतं, तेव्हा ते बिनधास्त नाहीत. रताळं, बीट, लाल भोपळा, मटार, मका बंद. पालक आणि मश्रूम हे तुमचे आधार. बटाटाही, पण त्याबद्दल खाली वेगळं लिहिते.

आंबटाला चिंच, कोकम, आमचूर नको. ताक किंवा लिंबाचे थेंब पुरतात. रस्सा दाट करायला एक वाटी साध्या दह्यात एक चमचा तांदळाचं पीठ घुसळून घ्या, आच मंद ठेवून घाला आणि उकळी येईपर्यंत एकाच दिशेने ढवळा. पीठ न घालता दही घातलंत तर फाटतं. मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता यांची फोडणी चालते. गोडा मसाला, काळा मसाला यांत खोबरं आणि बऱ्याचदा कांदा असतो, ते सोडा. शेंगदाण्याचं कूट, काजूची पेस्टही सोडा. काजूत १०० ग्रॅमला ६ ग्रॅमच्या आसपास सुक्रोज असतं.

डाळीत एक-दोन टक्के सुक्रोज असतं आणि ते पाण्यात उतरतं. म्हणून मूगडाळ तासभर भिजवा, पाणी फेका, मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात शिजवा, वरचं पाणी ओतून टाका, मग घोटा. कुकरच्या डब्यात शिजवली तर जे उतरलं ते सगळं डाळीतच राहतं. चव कमी होते हे खरं, वरून तूप-हिंग घाला.

धान्यात पांढरा तांदूळ सर्वांत निर्धास्त. भात, तांदळाची भाकरी, घावन, इडली असं चालू ठेवा (इडलीच्या पिठात उडीद आहे, तो हिशेबात धरा). गव्हाची साखर कोंडा आणि अंकुरात जास्त असते, त्यामुळे इथे आपला नेहमीचा सल्ला उलटा होतो : चक्कीच्या पिठापेक्षा मैदा बरा. पोळी किती हे आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवा. बाजारच्या पावात साखर असतेच. दूध, साधं दही, पनीर, तूप, अंडी, मासे, चिकन-मटण यांना अडचण नाही, मॅरिनेट केलेलं विकत आणू नका.

बटाटा : शीतगृहात किंवा फ्रिजमध्ये राहिलेला बटाटा स्टार्चची साखर करून ठेवतो. ओळखायची खूण म्हणजे पातळ काप तेलात टाका. फिकट सोनेरी झाला तर ठीक. आत शिजायच्या आधीच तांबूस-काळा पडला तर साखर वाढलेली आहे, तो बटाटा मोठ्यांसाठी. मुलीसाठी सोलून, फोडी करून, भरपूर पाण्यात उकडून पाणी टाका. सालीसकट उकडला तर हा फायदा मिळत नाही.

नानाकाका

आमच्या ओळखीत एकांना असंच पोट फुगायचं, लो-फॉडमॅप (गॅस करणाऱ्या साखरा टाळायच्या पथ्याची) यादी पाळून बरे झाले. शिवाय थोडं थोडं देत राहिलं की शरीराला सवय होते. होमिओपॅथीत यावर चांगला गुण येतो असं ऐकून आहे.

प्रयोगशाळा

काका, हेतू चांगला आहे पण हे तिन्ही सल्ले या मुलीला घातक ठरतील.

तुमच्या ओळखीतल्यांना होतं ते फ्रुक्टोज मालअॅब्सॉर्प्शन असावं. त्यात आतडं फ्रुक्टोज नीट शोषत नाही, गॅस होतो, जुलाब होतात, जिवाला धोका नसतो. इथे आतडं फ्रुक्टोज व्यवस्थित शोषतं, बिघाड पुढे यकृतात आहे. एएलडीओबी जनुकापासून बनणारं अल्डोलेज बी हे विकर (एन्झाइम) काम करत नाही, फ्रुक्टोज-१-फॉस्फेट साठत जातं, पेशीतलं फॉस्फेट त्यात अडकतं, पेशीची ऊर्जा (एटीपी) खाली येते. त्याच वेळी साठवलेल्या ग्लायकोजेनमधून ग्लुकोज काढायचं कामही थांबतं. म्हणून साखर खाल्ल्यावर रक्तातली साखर उतरते. ओकारी, घाम, थरथर, सुस्ती, प्रसंगी झटके. रोज थोडं थोडं जात राहिलं तर ओकारी होईलच असं नाही, पण यकृत वाढतं, मूत्रपिंडाच्या नलिका बिघडतात, उंची-वजन अडतं. सवय होत नाही, जनुक तेच राहतं.

लो-फॉडमॅप यादीत साधी साखर चालते, कारण तिथे प्रश्न फक्त जादा फ्रुक्टोजचा असतो. ती यादी या घरात आणूच नका. मधुमेहींची मिठाईही नको, तिच्यात सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असतं. होमिओपॅथीच्या गोळ्या बहुधा साखरेच्याच असतात.

आणखी एक, कोणी "श्वासाची फ्रुक्टोज चाचणी करून बघू" म्हणालं तर ठाम नकार द्या. त्यात फ्रुक्टोज प्यायला देतात. निदान जनुकावरून झालेलं आहे, ते पुन्हा सिद्ध करायची गरज नाही.

फार्मसीवाला

औषधांचं मी लिहितो. अन्नाइतकाच फ्रुक्टोजचा शिरकाव इथून होतो, आणि तोही मूल आजारी असताना.

बाटलीवर बारीक अक्षरात "फ्लेवर्ड सिरपी बेस" दिसलं की साखर समजा. "शुगर-फ्री" दिसलं की सॉर्बिटॉल समजा, "सॉर्बिटॉल सोल्यूशन ७०%" असं लिहिलेलं सापडेल. साखरेच्या सिरपच्या ५ मिलीत २-३ ग्रॅम साखर सहज असते, म्हणजे एक ते दीड ग्रॅम फ्रुक्टोज. दिवसातून तीनदा दिलं तर किती, ते वरच्या सूत्राने काढा. अँटिबायोटिकचे ड्राय सिरप, जंताचं औषध, लोहाचे आणि मल्टिव्हिटॅमिनचे ड्रॉप्स, खोकल्याची बाटली, ग्राइप वॉटर सगळं या तपासणीत येतं.

तापासाठी पॅरासिटामॉलच्या गुदमार्गे द्यायच्या कांड्या (सपोझिटरी) मिळतात. वजनाप्रमाणे डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. दुसरा मार्ग साध्या गोळीचा : लॅक्टोज, स्टार्च, सेल्युलोज, मॅग्नेशियम स्टिअरेट हे घटक चालतात. वाटून पाण्यात द्यायची, पण एसआर (हळूहळू औषध सोडणारी) किंवा आवरणाची गोळी वाटायची नाही. चघळायच्या आणि फसफसणाऱ्या गोळ्या नकोत. मुलांच्या "डीटी" (पाण्यात विरघळणाऱ्या) गोळ्यांचे घटक कंपनीगणिक बदलतात, तेव्हा दुकानदाराने "तेच आहे हो" म्हणून दुसरी कंपनी दिली तर पुन्हा विचारा. पाकिटावर घटक नसतील तर कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

जुलाबात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं साधं ओआरएस चालतं. लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, साखर नाही. मीठ-साखर-पाणी नाही. फळांच्या चवीचे तयार डबे घटक वाचल्याशिवाय नाहीत. बद्धकोष्ठाला लॅक्टुलोज आणि लॅक्टिटॉल सर्रास लिहून देतात, तेव्हा डॉक्टरांना आधीच आठवण करा.

घरगुती औषधांत च्यवनप्राश, आसव-अरिष्टं, मधातलं चाटण बंद. सितोपलादी चूर्ण अनेकांना साधं वाटतं, पण त्याच्या ३१ भागांत १६ भाग खडीसाखर. नावातच सितोपला आहे!

दवाखान्यासाठी डॉक्टरांच्या सहीचं एक पानी पत्र कायम जवळ ठेवा. त्यात ठळक हवं : शिरेतून फ्रुक्टोज, सॉर्बिटॉल, इन्व्हर्ट शुगर (ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण) असलेलं काहीही देऊ नये (अमिनो आम्लांच्या काही सलाईनमध्ये आणि काही इम्युनोग्लोब्युलिनमध्ये सॉर्बिटॉल असतं, याने मृत्यू झालेले आहेत). साखर उतरली तर शिरेतून डेक्स्ट्रोज द्यावं. ग्लुकॅगॉनवर (रक्तातली साखर वाढवायच्या इंजेक्शनवर) विसंबू नये, ग्लायकोजेनचा रस्ताच अडलेला असतो तेव्हा ते काम करत नाही. घरी चुकून काही खाल्लं गेलं आणि मूल शुद्धीत असेल तर साधी ग्लुकोज पावडर पाण्यातून देऊन लगेच दवाखाना गाठा. सुस्त असेल तर तोंडात काही ओतू नका.

मृण्मयी_न

खूप आभार, प्रिंट काढून फ्रिजवर लावलं. आमटीचा हिशेब सासूबाईंना दाखवला, त्या गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवून आल्या. दोन शंका : ग्लुकोज पावडरचं गोड करून देता येईल का? आणि पाकिटावर कुठले शब्द शोधायचे? चौथा प्रश्नही राहिलाच.

आहार_विहार

येतं. साधी, बिनचवीची ग्लुकोज पावडर घ्या, घटकांत फक्त डेक्स्ट्रोज हवं. संत्रा-आंबा चवीच्या पावडरीत साखर मिसळलेली असू शकते. डेक्स्ट्रोजची गोडी साखरेच्या पाऊण पटीहून थोडी कमी, आणि ते लवकर करपतं. म्हणून पेढ्यासाठी एक लिटर दूध आटवून खवा झाला की गॅस बंद करून, कोमट झाल्यावर ६० ग्रॅम डेक्स्ट्रोज मळायचं. आचेवर घातलंत तर पेढा तपकिरी होऊन कडवट लागतो. घरच्या चक्क्यात घालून श्रीखंडही होतं. मात्र गोडाची ओढ मुद्दाम लावू नका. या मुलांना बहुधा गोडाचा तिटकारा असतो, तो त्यांचा बचाव आहे. बळेबळे भरवलेला प्रसाद त्यावर पाणी फिरवतो.

पाकिटावर टाळायचं : साखर, इन्व्हर्ट सिरप (बिस्किटांत हमखास), फ्रुक्टोज कॉर्न सिरप, मध, खजूर, फळांचा रस, इन्युलिन किंवा ऑलिगोफ्रुक्टोज ("प्रीबायोटिक" म्हणून बाळांच्या पावडरीतही घालतात), आणि आयएनएस (पाकिटावरचे अन्नघटकांचे सांकेतिक) क्रमांक ४२० (सॉर्बिटॉल), ९५३ (आयसोमाल्ट), ९६५ (माल्टिटॉल), ९६६ (लॅक्टिटॉल). चालणारं : ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, स्टार्च, लॅक्टोज. "नो अॅडेड शुगर" या शब्दांवर जाऊ नका, खजुराच्या लाडवावरही तेच छापलेलं असतं.

फळं नाहीत म्हणजे क जीवनसत्त्व आणि फोलेट बाहेरून द्यावं लागणार. कुठल्या रूपात ते फार्मसीवाल्यांच्या कसोटीवर तपासून घ्या.

प्रयोगशाळा

चौथ्याचं उत्तर. दोघे पालक वाहक (दोषाची एकच प्रत असलेले, स्वतः निरोगी) असता तेव्हा प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के. पहिल्या मुलीला झालं म्हणून दुसऱ्याला होणार नाही, असा वाटा नसतो. आधी तुम्हा दोघांची तपासणी करून मुलीत सापडलेले दोन बदल आई-बाबांकडून एकेक आलेत हे पक्कं करा. मग गर्भारपणात ११ ते १३ आठवड्यांत वारेच्या नमुन्यावरून कळू शकतं, किंवा जन्मल्यावर रक्तावरून. नात्यात लग्न झालेलं असेल तर जनुक सल्लागारांना आवर्जून सांगा.

जन्मल्यावर अहवाल येईपर्यंत : अंगावरचं दूध निर्धास्त, त्यात लॅक्टोज असतं. पहिल्या दिवशीचं मधाचं बोट नाही, बाळगुटी नाही, मधातलं सुवर्णप्राशन नाही. रोटाव्हायरसची लस ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडावाटे देतात आणि त्या द्रवात साखर असू शकते, म्हणून अहवाल हातात आल्याशिवाय ती द्यायची का, हे बालरोगतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवा. बाकी टोचायच्या लशी वेळेवरच.

मुलीच्या दर भेटीत उंची-वजन, यकृताच्या चाचण्या, लघवीतली प्रथिनं बघतातच. सोनोग्राफीत यकृतावर थोडी चरबी दिसली तर लगेच कुणाला बोल लावू नका, पथ्य काटेकोर असूनही ती राहू शकते.

फार्मसीवाला

एक राहिलं, टूथपेस्ट. जवळपास सगळ्या पेस्टचा गोडसर लगदा सॉर्बिटॉलचाच असतो आणि या वयाची मुलं ती गिळतात. चूळ नीट थुंकता येईपर्यंत नुसता ओला ब्रश पुरे. पुढे फक्त ग्लिसरिनवर बनवलेली पेस्ट शोधा आणि दाण्याएवढीच लावा.