ग्लू लावलेली शीर टिकते काय?

महाद्वार रोडला चपलांचं दुकान हाय, बारा तास उभाच. डाव्या पायाच्या शिरा दोरीगत फुगल्यात. डॉक्टर ग्लू म्हणतात, म्हंजे फुगलेली शीर आतनं गोंदानं चिकटवून बंद करायची. पुढं टिकतंय काय ओ?

— माझी २०२० ची. रोज रंकाळ्याला फेरी मारतोय. मोठी शीर बंदच हाय, पण पोटरीवर बारक्या परत आल्या. मांडी आठवडाभर लाल होऊन खाजत होती, जाम घाबरलो.

— व्हीक्लोज या रुग्णांवरच्या चाचणीत ५ वर्षांनी ग्लूच्या सुमारे ९१ टक्के शिरा बंद राहिल्या, रेडिओफ्रीक्वेन्सीत (उष्णतेनं शीर बंद करणं) ८५. ग्लू आतच राहतो, म्हणून ॲलर्जी आधी सांगा.

— चपला चिकटवायचा झटपट गोंद बोटाला लागला की मला पुरळ उठतंय. हे सांगू काय?

— सांगाच! दोन्हीत सायनोॲक्रिलेट हेच चिकटवणारं रसायन असतंय, दादा.