मदत हवी आहे: साच्याच्या रेघेवरून जुनी बाटली कशी बनवली ते कळतं का? (तातडीचं)

घाईगर्दी:
दोन जुन्या बाटल्या बघायला म्हणून आजची रात्र माझ्याकडे आहेत. एक हिरवी, एक पांढरी. विकणारा म्हणतो दोन्ही हाताने फुंकलेल्या, १८५० च्या आधीच्या. हिरवीवर साच्याच्या सांध्याची रेघच नाही. पांढरीवर दोन्ही अंगांना रेघ आहे, पण ती ओठापर्यंत जात नाही, मध्येच संपते. म्हणजे तो खरं बोलतोय ना? सकाळी हो-नाही कळवायचंय. 'आधी अमुक वाचा' असले सल्ले नकोत, थेट उत्तर द्या.

तिरपा डोळा:
मध्येच म्हणजे कुठे? खांद्यावर, मानेवर, की ओठाच्या लगेच खाली? पांढरी म्हणजे दुधी की पारदर्शक? आणि बुडाबद्दल एक अक्षर नाही. फोटो टाका.

घाईगर्दी:
पारदर्शकच हो. रेघ मानेवर संपते. बूड नेहमीसारखं. फोटो चढत नाहीये.

जुनं ते सोनं:
सोपं आहे. रेघ खांद्यापर्यंत असेल तर १८६० च्या आधीची. मानेवर आली तर १८८० पर्यंतची, ओठाच्या लगेच खाली थांबली तर १९०० पर्यंतची, आणि ओठावरून पार गेली तर यंत्राची. मी कायम हाच तक्ता वापरतो, कधी चुकलो नाही.

तिरपा डोळा:
कधी चुकला नाहीत म्हणजे कधी पडताळून पाहिलं नाहीत. :) (हलके घ्या.)
हा तक्ता जिथे तिथे छापलेला सापडतो, तरी तो कुचकामी आहे. रेघ कुठे थांबते ते ओठ कसा घडवला त्यावर ठरतं. बाटली फुंकनळीपासून तोडली की तोंड पुन्हा तापवायचे आणि त्याच काचेवर हत्यार गोल फिरवून ओठाला आकार द्यायचे. हत्यार फिरलं तिथली रेघ पुसली गेली. कारागिराचं हत्यार बोटभर खाली उतरलं तर रेघ मानेवर संपणार, एवढाच त्याचा अर्थ. बाटलीच्या वयाशी त्याचा काय संबंध?
उलट त्याआधीची पद्धत बघा. तेव्हा काचेचा वेगळा गोळा मानेवर लावून ओठ करायचे. १८८५-९० च्या सुमारास ती बरीचशी मागे पडली. अशा बाटलीत रेघ थेट ओठाच्या मुळापर्यंत जाते आणि वरून लावलेल्या काचेखाली दडते. म्हणजे जुन्या बाटलीची रेघ नवीपेक्षा वर! तुमच्या तक्त्यात ही कुठे बसवायची?

जुनं ते सोनं:
अपवाद सगळीकडे असतात. नवशिक्याला सुरुवातीला काहीतरी ढोबळ हाताशी लागतंच ना.

तिरपा डोळा:
ढोबळ चालेल, उलटं नको. १८२१ साली ब्रिस्टलच्या रिकेट्सने पेटंट घेतलेला तीन भागांचा साचा घ्या. त्यात अंगावर उभी रेघच नाही. खांद्याला एक आडवी वेढणारी रेघ आणि तिथून वर दोन उभ्या. तक्त्याला ही बाटली कळणारच नाही.

लख्ख:
बाटलीत आतून पांढरट थर असेल तर व्हिनेगर भरून रात्रभर ठेवा. तरीही धूसर दिसली तर काचच खराब झालीय, घासू नका. गार बाटलीत कढत पाणी चुकूनही ओतू नका.

घाईगर्दी:
बाटल्या स्वच्छ आहेत. कोणी विचारलं?

निळा उजेड:
एवढी चर्चा कशाला? यूव्ही टॉर्च मारा. हिरवट चमकली तर काचेत मँगनीज आहे, म्हणजे जुनी. काम झालं.

नखशिखांत:
निळा उजेड, मँगनीज काचेची हिरवी झाक घालवायला टाकायचे. त्यावरून काचेत काय घातलं ते कळतं, बाटली कशी बनवली ते नाही. हाताची आणि यंत्राची, दोन्ही चमकू शकतात.
घाईगर्दी, तुमच्या हिरवीकडे कोणी बघतच नाहीये. खोलीत अंधार करा, टॉर्च बाटलीला चिकटवून तिरपी धरा आणि अंगावर केसासारख्या बारीक आडव्या रेघा दिसतात का सांगा. बाटली खाली निमुळती होते का? बुडाला खरबरीत व्रण आहे का? अंगावर उठावाची अक्षरं?

घाईगर्दी:
अरे हो, आडव्या रेघा आहेत! मानेपर्यंत, गोल गोल. अंग सरळ आहे. बुडाला आत खोल खड्डा, पण गुळगुळीत. अंगावर अक्षरं नाहीत.

नखशिखांत:
मग ती साच्यात फिरवलेली. साच्याला आतून लेप द्यायचे आणि तो पाण्याने भिजवायचे. तापलेली काच आत गेली की वाफेचा पातळ थर तयार व्हायचा, आणि त्यावर कारागीर फुंकता फुंकता बाटली गरागरा फिरवायचा. साच्याच्या सांध्याची रेघ पुसली जायची आणि या आडव्या रेघा उरायच्या. उठावाची अक्षरं अशा साच्यात टिकणारच नाहीत. प्रामुख्याने वाइनच्या बाटल्या, साधारण १८८० ते १९१० च्या दशकांतल्या. तोंडाने फुंकलेली आहे, पण १८५० च्या आधीची म्हणणं म्हणजे थाप.

रिकामटेकडा:
अवांतर: गोटीच्या बाटलीत गोटी आत कशी घालत असतील? मान तर आवळलेली असते.

तिरपा डोळा:
ओठ पुरा करायच्या आधी घालायचे, मग तोंड आवळायचे. हायरम कॉड, पेटंट १८७२. आता मूळ धाग्यावर या.
घाईगर्दी, पांढरीच्या ओठाखाली नख उभं फिरवा. मानेला वेढणारी आडवी रेघ लागते का? आणि बूड 'नेहमीसारखं' म्हणू नका, दिसतं ते लिहा.

घाईगर्दी:
ओठाखाली बांगडीसारखी रेघ लागतेय, डोळ्यांना जेमतेम दिसते. बुडावर एक गोल आहे, मधोमध नाही, एका बाजूला सरकलेला. त्याची कड पिसासारखी फाटलेली. तो तर डाग आहे ना?

तिरपा डोळा:
तोच तर पुरावा! ओवेन्स नावाच्या अमेरिकनाने केलेल्या बाटली बनवायच्या यंत्राची खूण. हे यंत्र वितळलेली काच खालून शोषून घ्यायचं आणि सुरी काचेची शेपटी कापायची. त्या कापाचा हा व्रण. पेटंट १९०४ चं, म्हणजे बाटली त्यानंतरचीच. यंत्रात ओठ सगळ्यात आधी घडतो, वेगळ्या साच्यात, म्हणून ती बांगडी. उभी रेघ वर का जात नाही म्हणाल तर तयार ओठ ज्वाळेने गुळगुळीत केला असणार. काही यंत्राच्या बाटल्यांत तसं करायचे.

जुनं ते सोनं:
तक्त्याप्रमाणेही १८५० च्या आधीची नव्हतीच. मी तेच म्हणत होतो.

तिरपा डोळा:
तक्त्याने तिला हाताची ठरवली होती, साहेब.

घाईगर्दी:
म्हणजे पांढरी परत. हिरवी घेईन, पण त्याने सांगितलेल्या भावाने नाही. एक राहिलं, हिरवीच्या खांद्यावर काचेचा गोल शिक्का आहे, त्यात दोन अक्षरं. मग ती फिरवलेली कशी?

नखशिखांत:
अहो, हे आत्ता सांगताय? बाटली साच्यातून काढल्यावर गरम काचेचा थेंब ठेवून त्यावर ठसा मारला असेल तर अडचण नाही. शिक्क्याच्या कडेला नख अडतं का बघा, आणि अक्षरं कोणती तेही लिहा.