'ओबाल्तान'मधला चोल्हो: सज्जन की पळपुटा?

सांजवात
यू ह्यून-मोक यांचा १९६१चा कोरियन सिनेमा 'ओबाल्तान' काल दुसऱ्यांदा पाहिला. ओबाल्तान म्हणजे नेम चुकून सुटलेली गोळी. कोरियन युद्धानंतरचं सोल, उत्तर कोरियातून आलेल्या निर्वासितांची हेबांगचोन वस्ती. चोल्हो कारकून. घरात भ्रमिष्ट होऊन अंथरुणाला खिळलेली आई, दिवस भरत आलेली बायको, लहान मुलगी, युद्धात जखमी होऊन बेकार बसलेला भाऊ योंग्हो आणि अमेरिकन सैनिकांकडे जाणारी बहीण म्योंगसुक. दाढ ठणकतेय, पण पैसे जातील म्हणून चोल्हो तसाच सोसत राहतो.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याची कीव आली होती. या वेळी राग आला. ट्राममधून त्याला जीपमध्ये सैनिकाशेजारी बसलेली बहीण दिसते आणि तो आतल्या आत मिटून जातो. चोरी करत नाही, मान्य. पण घर डोळ्यांदेखत बुडताना गप्प बसणं याला सचोटी म्हणायचं का?

डोंगरवाट
अजिबात पटलं नाही. गप्प न बसणाऱ्याचं काय झालं तेही बघा ना. योंग्हो बँक लुटतो आणि पकडला जातो. पळताना त्याला गळफास घेतलेली बाई दिसते, तिच्या पाठीवर बांधलेलं मूल रडत असतं. दोन-तीन सेकंदांचं दृश्य, माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. अशा शहरात एकट्या चोल्होकडून कसली अपेक्षा करताय?

आणि हा सिनेमा सरकारला का झोंबला? एप्रिल १९६०च्या उठावानंतर सेन्सॉर जरा सैल झाला होता, म्हणून तो बनू शकला. मे १९६१च्या लष्करी उठावानंतर बंदी आली. आई सारखी ओरडत असते, "काजा!", म्हणजे "चला!" त्याचा अर्थ लावला गेला 'उत्तरेकडे चला', म्हणजे कम्युनिस्ट उत्तर कोरियाकडे. अंथरुणावरच्या म्हातारीची धास्ती घेतली त्यांनी! आज आपण पाहतो ती प्रतसुद्धा १९६३च्या सान फ्रान्सिस्को महोत्सवासाठी इंग्रजी उपशीर्षकं घालून पाठवलेली, तीच तेवढी उरली.

माजघर
बंदीचं सगळं खरं, पण सांजवात यांचा मुद्दा त्याने खोडला जात नाही. म्योंगसुककडे बघा जरा. वहिनीच्या बाळंतपणाला पैसे कोण देतं? तीच, जिच्यामुळे या भावाची मान खाली जाते. तो इस्पितळात पोचतो तेव्हा बायको गेलेली असते. मग तो दाढा काढून घेतो. एक काढल्यावर डॉक्टर दुसरीला हात लावत नाही, एका दिवसात दोन नकोत म्हणतो, तर हा दुसऱ्या दवाखान्यात जाऊन तीही उपटून घेतो. इतके दिवस मन मारून वाचवलेलं सगळं एका दुपारी, आणि तेही कुणाच्याच कामी येणार नसताना. त्या प्रसंगात मला रडू आलं, पण म्योंगसुकसाठी.

सांजवात
माजघर, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. डोंगरवाट, परिस्थितीचं मी मानते. तरी टॅक्सीत बसल्यावर तो आधी हेबांगचोन सांगतो, मग इस्पितळ, मग पोलीस ठाणं. तिन्ही ठिकाणी आपलं माणूस आहे आणि तिन्ही ठिकाणी त्याला उशीर झालाय. हा उशीर त्याने स्वतःच केलेला आहे.

डोंगरवाट
उशीर कसला? बायको जाते आणि भाऊ कोठडीत पडतो, तेही एकाच दिवशी. एक माणूस कुठे कुठे पुरणार? तोंड रक्ताने भरलंय, आणि त्यातून शब्द येतो तो आईचाच: काजा. ड्रायव्हर म्हणतो, नेम चुकलेली गोळी भेटली आज. त्याला राग येतो, तो गाडी हाकत राहतो. तुम्हालाही त्या ड्रायव्हरसारखाच राग आलाय, असं मला वाटतं.