जुना विंडलास उघडूच नका? का म्हणून?

खाडीकाठ:
काल इथे एकांनी सल्ला दिला की बोट वीस वर्षांपेक्षा जुनी असेल तर विंडलास (नांगराची चेन वर ओढायचं यंत्र) उघडायच्या भानगडीत पडू नका, काढून टाका, नवा इलेक्ट्रिक बसवा, दोन दिवसांचं काम आहे. वाचून डोकंच फिरलं म्हणून सविस्तर लिहितेय. माझी बोट १९७९ची, ३४ फुटी, अमेरिकेतल्या चेसापीक बेमध्ये असते. घेतली तेव्हा हाताने चालवायचा विंडलास ठार जाम. उघडला तर गिअरबॉक्सचं तेल दुधाच्या चहासारखं, म्हणजे सील गेलेलं आणि पाणी आत. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीत स्टेनलेसचे बोल्ट असे रुतलेले की चार दिवस तेल सोडून, हीट गन मारून एकेक सुटला. पण आतला गिअर ठणठणीत होता! ऑइल सीलवर साइझ छापलेली असते, बेअरिंगवर नंबर असतो, दोन्ही साध्या बेअरिंगच्या दुकानात मिळाले, त्यासाठी मूळ कंपनी कशाला हवी? सहा सीझन झाले, तक्रार नाही. आणि उचलायचं असतं तरी किती? पाणी ४ मीटर, बो (बोटीचं नाक) पाण्याच्या वर १ मीटर, म्हणजे लोंबते ती ५ मीटर चेन. ८ मिमी चेन मीटरला १.४ किलो, म्हणजे ७ किलो, वर १५ किलोचा नांगर. एवढ्यासाठी मोटर?

दोनशिडी:
तो सल्ला माझाच होता. ताई, तुमचे २२ किलो कागदावर ठीक आहेत, पण चेसापीकच्या चिखलात रात्रभर रुतलेला नांगर २२ किलोंनी सुटतो का? मी एकसष्ट वर्षांचा, मणक्याचं ऑपरेशन झालेलं, एकटा जातो. गेल्या सप्टेंबरात पहाटे ३ वाजता वारा फिरला आणि मागची बोट ड्रॅग होत, म्हणजे नांगरासकट घसरत, माझ्यावर यायला लागली. मी बटण दाबलं आणि निघालो. तेव्हा लिव्हर मागेपुढे करत बसलो असतो तर? शिवाय जुन्या जिप्सीचे (चेन ज्यावर बसते त्या चाकाचे) खाचे झिजलेले असतात, चेन उड्या मारते, आणि तो भाग आता कुठे मिळत नाही.

जाडवायर:
दोन दिवसांत बसवला म्हणता, वायर किती जाडीची टाकलीत ते सांगा. १००० वॉटची मोटर १२ व्होल्टवर ८० अँपिअरच्या वर खाते, लोडवर १०० धरा. बॅटरी मागे, विंडलास पुढे, जाऊन-येऊन २० मीटर. १६ स्क्वेअर मिमी टाकली असेल तर २ व्होल्टच्या वर वायरमध्येच जातात. मग मोटर रडते, तापते आणि लोक म्हणतात विंडलास भिकार. आणि ब्रेकर बॅटरीजवळच पाहिजे.

वाराउलटा:
एवढं तांबं कशाला ओढायचं? एक बॅटरी पुढे व्ही-बर्थखाली (नाकातल्या झोपायच्या जागेखाली) ठेवा, चार्जिंगला बारीक वायर न्या, झालं. मी आठ वर्षं असंच चालवतोय.

जाडवायर:
हा सल्ला कोणाला देऊ नका प्लीज!! २५ किलोचं शिसं ३४ फुटी बोटीच्या नाकात? आधीच तिथे चेन आहे. समोरून लाट आली की बोट खाली-वर आपटत बसते, वेग जातो. आणि त्या बारीक वायरला दोन्ही टोकांना फ्यूज आहे का तुमच्या?

वाराउलटा:
एका टोकाला आहे. आठ वर्षांत काही झालं नाही म्हटलं ना.

जाडवायर:
दोन्ही टोकांना बॅटरी असताना फ्यूज एकीकडेच? वायर मध्ये कुठे घासून शॉर्ट झाली तर बिनफ्यूजच्या बाजूची बॅटरी बोट जाळेल. माझ्या शेजारच्या बोटीत केबिनमध्ये धूर झालेला मी डोळ्यांनी बघितलाय, यार्डवाल्याने अशीच जोडणी करून दिली होती. यात वाद घालू नका माझ्याशी.

वाराउलटा:
आवाज कमी करा साहेब. फ्यूजचं बरोबर आहे, लावतो. बॅटरी हलणार नाही.

निवृत्त_बोसन:
बॅटरी-बॅटरी पुरे झालं हो. तीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, मूळ रत्नागिरीचा. नांगर टाकला की ब्रेक आवळायचा, चेन अडवून धरणारा स्टॉपर लावायचा, विंडलास गिअरमधून काढायचा. विंडलासवर जहाज कधी टांगून ठेवत नाहीत. आणि तुम्ही लोक रात्रभर बोट जिप्सीवर लटकवता, प्रत्येक झटका गिअरला आणि शाफ्टला बसतो, मग नवा घ्या नाहीतर जुना दुरुस्त करा, दोन्ही मरणारच! नायलॉनचा स्नबर (झटका झेलणारा दोर) लावा, हुकने चेनला अडकवा, लोड क्लीटवर (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीवर) घ्या. उचलतानाही इंजिन हळू पुढे, चेन सैल झाली की गोळा करा. विंडलासने बोट ओढू नका.

दोनशिडी:
बोसनसाहेब, स्नबर लावतो मी. पण त्या रात्री घाईत इंजिन पुढे न घेता नुसतं बटण दाबून ठेवलं होतं, हे खरं. जाडवायर, आज मोजलं. वायर १६चीच निघाली. विंडलास लोडवर चालू असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट, विंडलासच्या टर्मिनलवर १०.३.

जाडवायर:
बघा. ३५ टाका, ड्रॉप १ व्होल्टच्या आसपास येईल. तांबं टिन केलेलंच घ्या.

खाडीकाठ:
पाठीचा त्रास असेल तर इलेक्ट्रिक घ्या, ते मी मान्य करते, पण आधी एवढं लिहायचं होतं ना, सरसकट "काढून टाका" कशाला? आणि जुना काढून ठेवला असेल तर भंगारात देऊ नका. माझ्या जिप्सीचे खाचे खरंच झिजलेत. मॉडेल सांगा, मी येऊन घेऊन जाईन.