'वाण लुटणे' : लुटते कोण, देणारी की घेणारी?

चांदणवेल :
आईच्या जुन्या रोजनिशांचे मी सध्या इंग्रजीत भाषांतर करीत आहे. टोरांटोला वाढलेल्या माझ्या भाच्याला मराठी बोललेले समजते, पण वाचता येत नाही, म्हणून हा खटाटोप. जानेवारी १९८४ मधील एका पानावर एवढेच लिहिलेले आहे : "आज वाण लुटले. तेवीस गाळण्या आणल्या होत्या, दोन उरल्या." मी शब्दकोशाला धरून पहिला मसुदा केला, तो वाचून भाच्याने काळजीने विचारले की, आजीने चहाच्या गाळण्या कोणाच्या घरून लुटून आणल्या होत्या. मग मी 'वाटप केले' या अर्थाचा इंग्रजी शब्द घातला. त्याने अर्थ बिनचूक झाला, पण रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवाची सारी लगबग त्या वाक्यातून निघून गेली. त्यातच एका अनुभवी मुद्रितशोधकांनी मला सांगितले की, मूळ मराठी वाक्यच सदोष आहे, कारण देणारी बाई वाण 'वाटते' किंवा फार तर 'लुटवते', ती 'लुटत' नाही. आमच्या घरी मात्र मी लहानपणापासून 'लुटणे'च ऐकत आले आहे. तेव्हा ही रूढी किती ठिकाणी आहे, आणि इंग्रजीत कोणता शब्द योजावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शमीपत्र :
मुद्रितशोधकांचे म्हणणे योग्य आहे. संस्कृतातील 'लुण्ट्' या धातूचा अर्थ बळाने हिरावून घेणे असा आहे, आणि जो हिरावून घेतो तोच त्या क्रियेचा कर्ता. हिंदीतही 'लूटना' आणि 'लुटाना' हा भेद कसोशीने पाळला जातो. मराठीत 'लुटवणे' हे प्रयोजक रूप उपलब्ध असताना दात्याला लुटारूच्या जागी बसवण्याचे कारण नाही. रूढ झाले म्हणून प्रत्येक रूप शुद्ध मानायचे ठरवले, तर व्याकरण हवे कशाला?

ओसरी :
हिंदीचा नियम मराठीला लावण्याआधी आपण रोज काय बोलतो, ते पाहावे. "मी काल केस कापले" असे म्हणणाऱ्याने कात्री हातात धरलेली नसते. "आम्ही घर बांधले" म्हणणाऱ्याने एकही वीट रचलेली नसते. तरी "मी केस कापवले" असे कोणी म्हणत नाही, आणि कोणी म्हटलेच तर ते परके वाटते. ज्याच्या इच्छेने, ज्याच्या खर्चाने आणि ज्याच्या घरी काम होते, त्याला कर्तेपण देण्याची मराठीची जुनी रीत आहे. वाण लुटणारी बाई याच अर्थाने कर्ती आहे : लूट तिने घडवून आणलेली असते.

माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, संक्रांतीच्या सुगडांत गव्हाच्या लोंब्या, हरभऱ्याचे घाटे, बोरे, गाजराचे तुकडे आणि उसाचे करवे भरलेले असत. वाणाच्या वस्तू आजी कधीही एकेकीच्या हातात देत नसे. त्या सुपात मांडून ती सूप उंबऱ्याच्या आत ठेवायची आणि म्हणायची, "लुटा गं." बायका वाकून आपापली वस्तू उचलायच्या. आपण देतो आहोत असा भाव देणाऱ्या हातात येऊ नये, म्हणून ही पद्धत असावी, असे मला फार उशिरा सुचले. 'वाटणे' या शब्दात वाटणारा उभा असतो आणि घेणाऱ्यांची रांग असते. 'लुटा' म्हटले की सूप त्यांचे होते.

वैनगंगा :
आमच्याकडे नागपूर भागात तुम्ही ज्याला बोरनहाण म्हणता, त्याला 'लूट' असेच म्हणतात. "नातवाची लूट आहे, या" असे आमंत्रण येते. हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाला पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या ओततात आणि भोवतीची मुले त्यावर तुटून पडतात. तेथे लुटणारी मुलेच असतात, त्यामुळे शमीपत्र यांचा धातू पूर्ण लागू पडतो. माझा तर्क असा की, वाण 'लुटण्या'तही पूर्वी खरीच झोंबाझोंबी होत असली पाहिजे, आणि पुढे घरे लहान झाल्यावर केवळ शब्द राहिला.

करवीर :
दसऱ्याचे 'सोने लुटणे' विसरून चालणार नाही. आमच्या कोल्हापुरात दसरा चौकात सूर्यास्ताच्या सुमारास शमीपूजन झाले की आपट्याच्या पानांवर लोक अक्षरशः झेपावतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मी ते पाहिले आहे. हाताला लागलेली चार चुरगळलेली पाने घरी आणून देवापुढे ठेवताना जे वाटत असे, ते सराफाच्या दुकानात वाटत नाही. माझ्या मते या शब्दप्रयोगाचे मूळ मराठ्यांच्या मोहिमांत आहे. वीर लूट घेऊन परतत, घरच्या स्त्रिया त्यांना ओवाळीत, आणि ते सोने आप्तांत वाटले जाई.

ओसरी :
ही व्युत्पत्ती मीही ऐकली आहे, पण ती ऋतुचक्रात बसत नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन होई, म्हणजे पावसाळा सरल्यावर सैन्य त्या दिवशी बाहेर पडत असे. जी मोहीम अजून निघायची आहे, तिची लूट त्याच संध्याकाळी घरी कशी येईल?

शमीपत्र :
सोन्याच्या कथेसाठी 'रघुवंशा'चा पाचवा सर्ग पाहावा. वरतंतूंचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागतो. रघूने विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेले असल्यामुळे तो कुबेरावर चाल करून जाण्याचे ठरवतो, आणि रात्रीतून कोषागारात सोने वर्षते. कौत्स चौदा कोटींहून अधिक घेण्यास राजी नाही आणि रघू उरलेले ठेवून घेण्यास राजी नाही. साकेतच्या लोकांना दोघेही वंदनीय वाटले, असे कालिदास सांगतो. तेथे आपटा नाही, दसरा नाही आणि लूटही नाही. उरलेले सोने आपट्याखाली ठेवून लोकांना लुटू दिल्याचा भाग लोककथेने पुढे जोडला आहे.

चांदणवेल :
आपण माझ्या प्रश्नाचे उत्तर नकळत दिले, असे वाटते. घेणाऱ्याला गरजेपेक्षा जास्त नको आहे आणि देणाऱ्याला ते परत नको आहे, म्हणजे त्या सोन्याला मालकच उरत नाही. लोककथेने तेथे 'लुटणे' हे क्रियापद आणले, यात मला चूक दिसत नाही, सणाची खरी समज दिसते.

शमीपत्र :
कथेतही लुटणारे लोकच आहेत. रघूने लुटले, असे कोणी म्हणत नाही.

रानवाट :
चर्चा शब्दाची आहे हे मान्य करूनही मला एक गोष्ट लिहिणे भाग आहे. आज दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाड्या भरून जे शहरात येते, ते बहुधा कांचनच असते. आपट्याचे पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त आणि खालच्या अंगाला फिकट असते, तर कांचनाचे मोठे असते. दोन्हींचे पान मध्ये दुभंगलेले असल्यामुळे घेणाऱ्याला फरक कळत नाही. नवमीच्या रात्री टेकडीवर जाऊन पाहावे, एकेका झाडाच्या फांद्या कोयत्याने छाटून नेलेल्या असतात. तेथे 'लुटणे' या शब्दाला कोणताही लाक्षणिक अर्थ शिल्लक राहत नाही. मी गेली काही वर्षे एकच पान देतो आणि घरी आलेल्या मुलांना आपट्याची रोपे देतो.

करवीर :
रोपे द्यावीत, मीही देईन. परंतु प्रत्येक सणाकडे अपराधी नजरेने पाहू लागलो, तर मुलांच्या हातात काय उरेल? वर्षभर अबोला धरलेला माझा चुलतभाऊ त्या एका पानाच्या निमित्ताने दारात उभा राहिला होता. "सोने घ्या, सोन्यासारखे राहा" यापलीकडे दोघांनाही काही बोलावे लागले नाही.

वैनगंगा :
पाने असोत की गाळण्या असोत, मला अधिक बोचते ते वेगळेच. 'लुटा' म्हटल्यावर सूप सर्वांचे होते, असे ओसरी यांनी लिहिले. ते सर्वांचे होत नव्हते. माझी आत्या हळदीकुंकवाच्या दिवशी मागच्या खोलीत वाती वळत बसलेली असे, आणि कार्यक्रम संपल्यावर उरलेली वस्तू तिला 'घे, राहिलीच आहे' म्हणून मिळत असे. तिच्या बाबतीत कोणते क्रियापद वापरावे, हेही एकदा ठरवावे.

ओसरी :
तुमचे बरोबर आहे. आमच्या आजोळच्या उंबऱ्याशीही सगळ्या येत नव्हत्या. ते मी लिहायला हवे होते. अलीकडे माझ्या परिचयातील काही घरांत वाणासाठी सर्व बायकांना बोलावतात, आणि 'सौभाग्यवाण' हा शब्द टाळून केवळ 'वाण' म्हणतात. 'वाण' म्हणजे मूळचे 'वायन', व्रताच्या निमित्ताने द्यावयाची भेट, त्यामुळे अर्थाला कोठेही बाध येत नाही.

इंग्रजीबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून सुचवते. आपला 'लूट' हा शब्द हिंदीतून इंग्रजीत केव्हाच गेलेला आहे, तोच वापरून पाहावा. तो तिकडे शिपायांबरोबर गेला, त्यामुळे हळदीकुंकवाचा अर्थ त्याच्याबरोबर पोहोचला नाही, ही अडचण मात्र राहते.

शमीपत्र :
तसे करायचे झाल्यास तळटीप अनिवार्य आहे, आणि तळटिपेत 'लुटवले' हेच रूप द्यावे, असे माझे मत कायम आहे.

चांदणवेल :
वैनगंगा यांचे लिहिणे वाचल्यावर मी सर्व वह्या पुन्हा काढल्या. १९८४ नंतर दर जानेवारीत 'वाण लुटले' अशी नोंद आहे : डबे, कंगवे, एका वर्षी तुळशीची रोपे. वडील १९९१ मध्ये गेले. त्यापुढील वह्यांत संक्रांतीच्या पानावर केवळ तिळाचा भाव लिहिलेला आहे, आणि 'लुटणे' हे क्रियापद कोठेही नाही. ते पुन्हा एकदाच सापडले, १९९७ च्या दसऱ्याला : "वाड्यातली पोरे आली. सोने ताटात ठेवले आणि लुटू दिले." म्हणजे आईला दोन्ही रूपे येत होती. १९८४ च्या पानावर मी काय लिहावे, हे अजून ठरत नाही.