‘व्हॅनिश’ की ‘डिसअपिअर’: कुठे काय बसतं?

वारणाकाठ (सांगली)
नववी-दहावीचे भाषांतराचे पेपर तपासतोय. ‘धुकं नाहीसं झालं’ याचं निम्म्या वर्गाने ‘द फॉग वॉज व्हॅनिश्ड’ केलंय, उरलेल्यांनी ‘इज डिसअपिअर्ड’. चूक आहे एवढं सांगून भागणार नाही, कारण नीट सांगायचंय. शिवाय शब्दकोशात दोन्हींचा अर्थ एकच, ‘नाहीसे होणे’. मग फरक काय? आणि उलट, इंग्रजीतून मराठीत आणताना दर वेळी ‘गायब’च लिहायचं का?

अजिंक्यतारा
दोन्ही क्रियापदं अकर्मक आहेत. धुकं आपलं आपण जातं, म्हणून कर्मणी प्रयोगाचा प्रश्नच येत नाही. ‘वॉज’ घुसतो तो ‘झालं’मुळे: मुलं ‘नाहीसं’ आणि ‘झालं’ यांचं सुटं सुटं इंग्रजी करतात. वर्गात एक चाचणी द्या. ‘फळा पुसला गेला’ म्हटलं की ‘कोणी पुसला?’ असं विचारता येतं, म्हणून तिथे ‘वॉज वाइप्ड’ चालतं. ‘धुकं नाहीसं झालं’ला तो प्रश्न लागूच पडत नाही. बरोबर वाक्य ‘द फॉग व्हॅनिश्ड’, आणि नुकतंच गेलं असेल तर ‘हॅज व्हॅनिश्ड’. वर्तमानकाळात ‘व्हॅनिशेस’, शेवटी नुसता एस नाही, ई-एस. पेपरात तेही तपासा, हमखास चुकतं.

फरक वेगाचा आणि संपूर्णतेचा आहे. व्हॅनिश म्हणजे एका झटक्यात, पूर्ण, आणि बऱ्याचदा कसं ते न कळता. डिसअपिअर दोन्हीकडे चालतं, झटकन किंवा सावकाश. म्हणून त्याला ‘ग्रॅज्युअली’ खुशाल जोडा. व्हॅनिशला जोडलं तर कानाला खटकतं. गर्दीत दिसेनासा झाला तर ‘इनटू द क्राउड’, नजरेआड झाला तर ‘फ्रॉम साइट’. नाम हवं असेल तर ‘डिसअपिअरन्स’च घ्या, व्हॅनिशला रोजच्या वापरातलं नाम नाही.

माहुलीचा घाट
मराठीच्या बाजूने सांगतो. आपल्याकडे काय नाहीसं होतंय त्यावर क्रियापद ठरतं, एकच शब्द सगळीकडे रेटला की भाषांतर लाकडी होतं. धुकं विरतं, देव अंतर्धान पावतात, चोर पसार होतो, उधारी थकवणारा परागंदा होतो, वीज गुल होते, प्रथा लोप पावते, माणूस बेपत्ता होतो. पोलिसांच्या बातमीत इंग्रजीत ‘मिसिंग’ असतं, त्याला ‘बेपत्ता’च हवं; ‘गायब’ लिहिलंत की उगाच संशयाचा वास येतो. ‘गायब’ खरं शोभतं ते डब्यातल्या लाडवांना.

आणि उलट दिशेने जाताना जास्त सांभाळा. २०१९च्या महापुरानंतर सांगलीतलं पाणी ‘व्हॅनिश’ झालं नाही, ओसरलं. त्याला ‘रिसीडेड’. तसंच हळदीचं: कपड्यावरचा हळदीचा डाग साबणाने हटत नाही, पण ओला कपडा कडक उन्हात टाकला की फिका होत होत जातो, कारण हळदीतलं कुर्क्युमिन उजेडाने विघटित होतं. हे ‘फेड’. बाहेर टाकल्या टाकल्या डाग दिसेना असं झालं असतं, तरच व्हॅनिश म्हणता आलं असतं.

मिरज जंक्शन
अजिंक्यतारा यांच्या नियमाला एक अपवाद आहे. ‘ही वॉज डिसअपिअर्ड’ हे बरोबर इंग्रजी असू शकतं. तिथे डिसअपिअर सकर्मक असतं, अर्थ ‘सत्तेने माणूस उचलून नेला आणि ठावठिकाणा लागू दिला नाही’. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत असे हजारो लोक नाहीसे केले गेले. त्यांच्यासाठीचा स्पॅनिश शब्द ‘देसापारेसिदोस’, त्यावरून इंग्रजीत ‘द डिसअपिअर्ड’ रुळला. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या करारातही ‘एन्फोर्स्ड डिसअपिअरन्स’ असाच शब्द आहे. मराठीत इथे ‘बेपत्ता झालेले’ लिहू नका, ‘बेपत्ता केलेले’ लिहा. करणारा वाक्यात राहिला पाहिजे. जादूगारही ‘नाणं व्हॅनिश करतो’ म्हणतात, पण ती त्यांची धंद्याची बोली. मुलांना ती दाखवाल तर ‘वॉज’ पुन्हा परत येईल!

शून्यमोजणी
अकरावी-बारावीची मुलं असतील तर गणिताचंही सांगून ठेवा. ‘द फंक्शन व्हॅनिशेस ॲट टू’ म्हणजे फल (फंक्शन) नष्ट होत नाही की अव्याख्यातही होत नाही. तिथे त्याची किंमत ० येते, एवढंच. क्ष² − ५क्ष + ६ ही राशी २ आणि ३ ला ‘व्हॅनिश’ होते. एकसामयिक समीकरणांच्या सहगुणकांचा निश्चयक (डिटरमिनंट) व्हॅनिश झाला की ती सोडवायची क्रॅमरची रीत बंद, कारण भागायला शून्य येतं. दोन पदं एकमेकांना छेदून जातात ते मात्र ‘कॅन्सल’. ही सरमिसळ मुलं फार करतात.

वारणाकाठ (सांगली)
छान, उद्याच सांगतो. एक राहिलं: ‘व्हॅनिशिंगली स्मॉल’ला काय म्हणू? आणि चित्रकलेतला ‘व्हॅनिशिंग पॉइंट’?

अजिंक्यतारा
पहिल्याला ‘नगण्य’, किंवा बोलीत ‘नसल्यात जमा’. दुसरा शब्द तसाच ठेवा, चित्रकलेचे सरही तोच वापरतात. फक्त एवढं समजवा की त्या बिंदूत काही गायब होत नाही: रुळांसारख्या जमिनीला आणि एकमेकांना समांतर असलेल्या रेषा दूर जाताना तिथे मिळताना दिसतात. आणि तो बिंदू क्षितिजरेषेवर, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो. मुलं तो कागदावर कुठेही टाकतात, आणि मग रस्ता आभाळात चढतो.